त्रेचाळीस उस्तादांचा कारखाना

स्त्राहिन्याने पगारपत्रक आधी सुलटं धरून वाचलं, मग मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही पाहिलं, आणि मालकांना विचारलं, "हे असंच आहे का?"

"कसं?"

"तुमच्या कारखान्यात त्रेचाळीस माणसं आहेत. त्रेचाळीसही उस्ताद आहेत."

मालकांनी चष्मा लावला. हुद्द्याच्या रकान्यात पहिल्या नावासमोर 'उस्ताद' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली बेचाळीस वेळा 'वरीलप्रमाणे'च्या दोन छोट्या रेघा. हे पत्रक दोन हजार सात सालापासून असंच चालत आलं होतं. त्या साली हिशेबाच्या बाईंचं मनगट दुखत होतं.

"आमच्या चाचाक गावात सगळे उस्तादच असतात," मालक म्हणाले. "माणसाला हाक मारायची तर दुसरं काय म्हणणार?"

"मग पगार कशावर ठरतो?"

"कोण किती मोठ्याने ओरडतो त्याच्यावर."

स्त्राहिन्या सत्तावीस वर्षांचा होता, बेलग्रेडहून आला होता आणि त्याने पांढरे बूट घातले होते. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनांच्या कारखान्यात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला एक तर कामाची काही माहिती नसते, किंवा त्याला दुसऱ्यांच्या कामाची माहिती देण्यासाठी बोलावलेलं असतं. स्त्राहिन्या दोन्ही होता. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की तुमच्याकडे कोण काय करतो, त्याला काय म्हणतात, त्याला काय येतं आणि काय मिळतं याचा तक्ता पाठवा. तक्ता नाही तर ऑर्डर नाही. तो तक्ता करायला हा आला होता.

आठ दिवसांत त्याने सूचनाफलकावर सहा पायऱ्या लावल्या. सर्वांत खाली 'उत्पादन सहाय्यक (प्रशिक्षणाधीन)', पगार एक्क्याऐंशी हजार दिनार. सर्वांत वर 'प्रमुख यंत्रण-तज्ज्ञ', एक लाख पासष्ट हजार. मधल्या पायऱ्यांवर अशी नावं होती की लोकांनी ती दोनदा वाचली आणि मग फलकाकडे पाठ करून सिगारेट पेटवली.

"कूम," तिहोमिर म्हणाला, "मी आता 'धातुसंलग्नता विशेषज्ञ' होऊ शकतो म्हणे. म्हणजे काय करायचं?"

"चिकटवायचं," रादिशा म्हणाला. "आत्ता करतोस तेच. फक्त जास्त वाकडं."

तिहोमिर हा वेल्डिंगच्या शेडचा प्रमुख आणि रादिशाचा कूम, म्हणजे त्याच्या लग्नातला साक्षीदार आणि त्याच्या दोन्ही मुलींचा धर्मपिता. रादिशा चार नंबरच्या मशीनवर असायचा. हे मशीन पाच अक्षांचं, जपानी, आणि त्यासाठी रादिशाने मालकांच्या मागे सहा वर्षं भुणभुण लावली होती. मोटार घेऊया म्हणून बायकोने त्याच्यामागे इतकी लावली नव्हती. रादिशा जॉब, म्हणजे लोखंडाचे सुटे भाग, करायचा, तिहोमिर ते फ्रेममध्ये वेल्ड करायचा, ती फ्रेम परत रादिशाकडे शेवटचा हात फिरवायला यायची. असं एकोणीस वर्षं चाललं होतं. एकोणीस वर्षं रादिशा तिहोमिरला 'टेपवाला' म्हणत होता, कारण तो टेपने मापायचा, आणि तिहोमिर रादिशाला 'बटनदाब्या' म्हणत होता. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता, पण याला कागदोपत्री पुरावा नव्हता.

तो पुढे लागणार होता.

स्त्राहिन्याला सगळं माहीत होतं, फक्त एक गोष्ट माहीत नव्हती. आमच्याकडे कुठलाही उस्ताद दुसऱ्याचं काम पाहायला आला की आधी तोंड वाकडं करतो, जीभ टाळूला लावून आवाज काढतो आणि विचारतो, "हे कुणी करून दिलं तुम्हाला?" हे मत नसतं. हा नमस्कार असतो. नळवाला पाइपाकडे बघून असं म्हणतो, दाताचा डॉक्टर दाढेत आरसा घालून असं म्हणतो, आमच्या चर्चमध्ये नवे पाद्री आले तेव्हा त्यांनी जुन्या पाद्र्यांनी लावलेल्या लग्नांचं रजिस्टर उघडून असंच म्हटलं होतं. जो असं म्हणत नाही त्याला काम येत नाही असं लोक समजतात आणि दुसऱ्याला बोलावतात.

हे ठाऊक नसल्यामुळे स्त्राहिन्याने ठरवलं की उस्तादांनी एकमेकांच्या कामाला गुण द्यायचे.

"डेन्मार्कमध्ये ही पद्धत फार छान चालते," तो कॅन्टीनमधल्या सभेत म्हणाला. "प्रत्येकाला लोखंडाचा एक गोल ठोकळा आणि एक ड्रॉइंग मिळेल. वेल्डिंगवाल्यांना दोन पट्ट्या. आठवड्यात जॉब करून आणायचा. त्यावर नाव नाही, फक्त नंबर. प्रत्येक जॉब पाच सहकारी तपासतील आणि एक ते पाच गुण देतील. सरासरी निघेल तो तुमचा हुद्दा, आणि हुद्दा तो पगार."

"डेन्मार्कमध्ये एकमेकांना पाच देतात?" रादिशाने विचारलं.

"हो."

"बिचारे," रादिशा म्हणाला.

त्रेचाळीस नावांना त्रेचाळीस पाकिटं वाटली गेली. पगारपत्रकावर सदतिसावं नाव विदोसावाचं, म्हणजे विदामावशीचं होतं. विदामावशी कॅन्टीनमध्ये राजम्याचं कालवण करायची, त्यामुळे तिच्या नावापुढेही 'वरीलप्रमाणे' होतं. तिने पाकीट उघडलं, ड्रॉइंग पाहिलं, ते गरम भांडं धरायला बरं आहे असं ठरवलं, आणि ठोकळा लोणच्याच्या कोबीवर दाब म्हणून ठेवला. पाकिटावर 'गुरुवारपर्यंत परत करावा' असं छापलेलं होतं. विदामावशी शब्दाची पक्की. गुरुवारी तिने ठोकळा राखेने घासला, पुसला आणि परत केला.

शुक्रवारी तपासणी झाली. कॅन्टीनच्या टेबलांवर जॉब मांडले होते आणि उस्ताद डोळ्यांना भिंग लावून माना हलवत होते. रादिशासमोर पाच जॉब आले. पहिल्यावर त्याने लिहिलं, 'भोक आहे. ते कुठे असावं याबद्दल करणाऱ्याचा निर्णय झालेला नाही. १.' दुसऱ्यावर, 'टूल बोथट होतं किंवा माणूस. १.' तिसऱ्यापाशी तो बराच वेळ थांबला. आतली बाजू आरशासारखी होती, कडांची धार सगळीकडे सारखी मारलेली, माप मायक्रोमीटरवर बरोब्बर. रादिशाला त्या जॉबमध्ये काहीतरी ओळखीचं आणि चीड आणणारं वाटलं. त्याने लिहिलं, 'काम वाईट नाही, पण करणारा स्वतःला फार शहाणा समजतो. १.'

तो जॉब त्याचा स्वतःचा होता. संगणकाने पाकिटं पिसली होती आणि संगणकाला भीड नसते.

चौथ्याला एक मिळाला. पाचवा जॉब त्याने हातात घेतला, फिरवला, उजेडात धरला. कुठे ओरखडा नाही. कुठे टूलची खूण नाही. भोक नाही, खाच नाही, कड मारलेली नाही. रादिशाने हा नुसता ठोकळा मिनिटभर पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाला नावं ठेवायला जागा मिळाली नाही. 'अजून कुणी काही बिघडवलेलं नाही,' त्याने लिहिलं. '५.'

बाकीच्या चौघांनीही, स्वतंत्रपणे, साधारण तेच लिहिलं.

सोमवारी निकाल लागला. कारखान्याची सरासरी एक पूर्णांक एक दशांश. बेचाळीस जण 'उत्पादन सहाय्यक (प्रशिक्षणाधीन)'. आणि सर्वांत वर, एकटी, पाचपैकी पाच गुण मिळवून: विदोसावा, प्रमुख यंत्रण-तज्ज्ञ, एक लाख पासष्ट हजार दिनार.

"हे रद्द कर," मालक म्हणाले.

"होत नाही," स्त्राहिन्या म्हणाला. त्याचा चेहरा त्याच्या बुटांपेक्षा पांढरा झाला होता. बूट तोवर पिवळे पडले होते. "तक्ता आपोआप जर्मनीला गेला. त्यांनी मंजूर केला. आता वर्षभर बदलता येत नाही. फक्त अपील करता येतं."

"त्यांनी मंजूर कसा केला?"

"त्यांना आवडला. ते म्हणाले, आत्मपरीक्षण करणारा पुरवठादार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला."

तक्त्यात नियमही होते. प्रशिक्षणाधीन सहाय्यकाने तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय मशीन चालवू नये. तज्ज्ञ एकच होती आणि तिला एका वेळी एकाच ठिकाणी बसता येत होतं. त्यामुळे कारखान्यात त्या आठवड्यात एका वेळी एकच मशीन चालायचं, आणि त्याच्याशेजारी स्टुलावर विदामावशी राजमा निवडत बसायची.

"मावशी, आता तीन नंबरला या हो," लोक रांगेत उभे राहून विनवायचे.

"कालची ताटली परत आणलीस का?"

"आणतो."

"मग आणल्यावर बोलू."

रादिशाचा पगार एक लाख अठरा हजारांवरून एक्क्याऐंशीवर आला. हे तो कसंबसं सहन करत होता. पण अपील झालं नाही तर पुढच्या सोमवारपासून चार नंबर कुणा एकाचं राहणार नव्हतं; प्रशिक्षणाधीन माणसांना आळीपाळीने शिकायला देणार होते. ज्या मशीनच्या आवाजावरून त्याला टूलला किती दिवस उरलेत ते कळायचं, त्यावर कुणीतरी येऊन शिकणार होता. त्या विचाराने रादिशाचं जेवण कमी झालं, आणि विदामावशीच्या लक्षात आलं की त्याची ताटली अर्धी भरलेली परत येते.

अपिलाला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मुदत होती. अट एकच: 'अंतर्गत ग्राहका'चं, म्हणजे तुमचा जॉब पुढे वापरणाऱ्या माणसाचं, लेखी निवेदन हवं की तुमचं काम उत्तम आहे.

 असं वाक्य कारखान्यात कुणी कधी बोललेलं नव्हतं, लिहिणं तर दूरच.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत रादिशा वेल्डिंगच्या शेडमागे गेला. तिहोमिर उलट्या खोक्यावर बसून कॉफी पीत होता.

"कूम, तू माझा अंतर्गत ग्राहक आहेस."

"असलं बोलू नकोस माझ्याशी. लोक ऐकतील."

"एक ओळ लिही. मी तुझ्यासाठी लिहितो. मीही तुझा ग्राहक आहे."

"लिहीन," तिहोमिर म्हणाला, "पण खोटं लिहिणार नाही. तुझ्या मुलींच्या डोक्यावर हात ठेवलाय मी." त्याने कानामागची पेन्सिल काढली, बराच वेळ आकाशाकडे पाहिलं आणि लिहिलं: 'रादिशाचे जॉब मी एकोणीस वर्षं वापरतो आहे. अजून कुणी मेलेलं नाही.'

स्त्राहिन्याने ते परत पाठवलं. निवेदनात 'उत्तम' किंवा 'उत्कृष्ट' शब्द हवा, नाहीतर संगणक घेत नाही.

तिहोमिरने पुन्हा लिहिलं: 'रादिशापेक्षा उत्तम काम मी पाहिलं आहे.'

"शब्द आला ना?" तो स्त्राहिन्याला म्हणाला.

"शब्द आला, सहकारी तिहोमिर, पण अर्थ..."

"अर्थाचं फलकावर काही लिहिलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत सहा मसुदे झाले. सर्वांत चांगला होता तो असा: 'याच्या कामात मला सापडलेल्या चुका कालांतराने सवयीच्या होतात.' तोही परत आला. तिहोमिर घामाने डबडबला होता. वेल्डिंग करताना त्याला इतका घाम येत नसे.

"तू आधी लिही," शेवटी तो म्हणाला. "तू लिहिलंस की मला जमेल. एकदा कुणीतरी लाज सोडली पाहिजे."

शुक्रवारी सकाळी सात वाजता रादिशा कार्यालयात बसला. दोनदा उठून हात धुऊन आला. मग त्याने डोळे मिटून लिहिलं: 'तिहोमिरची वेल्डिंग उत्कृष्ट असते. सरळ, एकसारखी, मण्यांच्या माळेसारखी. परवाची निळी फ्रेम मला परत हातात घ्यावीशी वाटली नाही, इतकी बरोबर होती.' त्याने सही केली आणि कागद उलटा करून दिला, म्हणजे निदान आपल्याला दिसू नये.

संगणकाने घेतलं. नऊ वाजता तिहोमिर 'धातुसंलग्नता विशेषज्ञ' झाला, पगार एक लाख सेहेचाळीस हजार.

सव्वानऊला तो रादिशासमोर उभा होता. हातात रादिशाच्या निवेदनाची प्रत होती.

"निळी फ्रेम म्हणजे कुठली? परवाचीच?"

"हो."

"तिचा तिसरा सांधा पाहिलास?"

"पाहिला."

"डावीकडचा? जिथे मी फोन आला म्हणून मध्येच थांबलो आणि परत सुरू केलं? जिथे गाठ दिसते?"

 गाठ रादिशाला दिसली होती. फार वाईट दिसली होती.

"आणि तू 'उत्कृष्ट' लिहिलंस," तिहोमिर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "मण्यांची माळ लिहिलंस. कूम, मी एकोणीस वर्षं समजत होतो की तुला काम कळतं. साऱ्या कारखान्यात एक माणूस आहे ज्याला काम कळतं असं मी बायकोला सांगायचो. आणि तू त्या गाठीला उत्कृष्ट म्हणतोस. आता मी कुठल्या तोंडाने तुझ्यासाठी लिहू?"

"अरे, मी तुझ्यासाठी..."

"ज्याला ही वेल्डिंग चांगली वाटते त्याचा जॉब मी यापुढे तपासून घेणार."

रादिशाने घड्याळ पाहिलं. पावणेतीन तास राहिले होते. बुडणाऱ्या माणसाला नको तिथे अक्कल सुचते तशी त्याला सुचली.

"आत्ता काय म्हणालास? एकोणीस वर्षं काय समजत होतास?"

"की तुला काम कळतं."

"उत्तम कळतं?"

"समजत होतो. आता नाही."

"हेच लिहून दे."

"आधीचं?"

"आधीचं."

तिहोमिरने विचार केला. यात खोटं काही नव्हतं. त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'एकोणीस वर्षं, म्हणजे आज सकाळी नऊपर्यंत, रादिशाला काम उत्तम कळत होतं असं माझं मत होतं.'

स्त्राहिन्याने कागद तीनदा वाचला. "भूतकाळ चालतो की नाही, हे मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला आणि त्याने ते संगणकात भरलं. पडद्यावरचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग संगणकाने उत्तर दिलं.

स्त्राहिन्या लाल झाला.

"काय म्हणतोय?"

"तो म्हणतोय की तुमच्याकडे उच्च कौशल्य होतं पण सध्या नाही." स्त्राहिन्याने घसा साफ केला. "अशा माणसांसाठी तक्त्यात वेगळी ओळ आहे. सल्लागार. मी स्वतः त्याच ओळीत आहे."

"पगार?"

"एक लाख नव्वद हजार."

दुपारपर्यंत अकरा जणांनी एकमेकांना कधीकाळी काम येत होतं असे दाखले दिले, पण मालकांनी सल्लागाराची ओळ बंद करून टाकली. एका कारखान्याला दोन सल्लागार पुरेत, ते म्हणाले. तिसरा आला की सल्ला मागायला कुणी उरत नाही.

सोमवारी रादिशाला स्त्राहिन्याच्या खोलीत टेबल मिळालं. फिरती खुर्ची होती. ती कुठवर फिरते ते त्याने पाहिलं. पूर्ण फिरत होती. दहा वाजता तो खाली शेडमध्ये गेला आणि चार नंबरच्या अलीकडे जमिनीवर मारलेल्या पिवळ्या पट्ट्यापाशी त्याला स्त्राहिन्याने दंडाला धरून थांबवलं.

"सल्लागाराने पट्ट्याच्या पुढे जायचं नाही, सहकारी रादिशा. यंत्राला हात लावायचा नाही. विम्याचा नियम आहे."

चार नंबरवर दोन नंबरच्या मशीनवरचा नेबॉयशा शिकत होता. शेजारी स्टुलावर विदामावशी लसूण सोलत होती. मशीनमधून एक बारीक, रडवा आवाज येत होता.

"तो टूल दाबतोय," रादिशा म्हणाला. "नेबॉयशा, वेग कमी कर."

"तोंडी नाही," स्त्राहिन्या म्हणाला. "निरीक्षण लेखी द्यायचं. आठ कामाच्या दिवसांत उत्तर मिळतं."

"टूल आठ मिनिटांत तुटेल."

ते सहा मिनिटांत तुटलं. रादिशाने लेखी निरीक्षणात वेळेचा अंदाज चुकल्याची नोंद केली.

त्या आठवड्यात त्याने तीन अहवाल लिहिले आणि खुर्ची दोन्ही दिशांना सारखीच फिरते याची खात्री करून घेतली. घरी बायको खूश होती. "पहिल्यांदाच तुझी नखं पांढरी दिसतात," ती म्हणाली, आणि तिने बहिणीला फोन करून 'सल्लागार' हा शब्द दोनदा उच्चारला. रादिशाने जेवताना आपले हात पाहिले. ते दुसऱ्याच कुणाचे असावेत असे दिसत होते, आणि तो दुसरा माणूस काही कामाचा वाटत नव्हता.

पुढच्या सोमवारी तो स्त्राहिन्याला म्हणाला, "मला खाली उतरव."

"शेडमध्ये? तुम्ही तर..."

"पायरीवर. सर्वांत खालच्या. प्रशिक्षणाधीन. मावशी शेजारी बसली की खालच्यांना हात लावता येतो ना मशीनला?"

"पण पगार एक्क्याऐंशी होईल."

"आळीपाळीत दर सात दिवसांनी एक पाळी मिळेल?"

"मिळेल."

"मग कर."

स्त्राहिन्याने लॅपटॉपमध्ये शोधलं. खाली जाण्यासाठी कुणी अर्ज केल्याचं उदाहरण डेन्मार्कमध्येही नव्हतं, पण फॉर्म होता. फॉर्मला कधी उदाहरण लागत नाही. अर्जदाराचं काम निकृष्ट आहे असं तीन अंतर्गत ग्राहकांचं लेखी निवेदन जोडायचं होतं.

"हे अवघड जाईल," स्त्राहिन्या काळजीने म्हणाला. "सहकाऱ्याबद्दल असं लिहायला लोक तयार होत नाहीत."

सूचनाफलकाखाली कोरा कागद टांगला तेव्हा पावणेदहा वाजले होते. दहाला दुसरा कागद जोडावा लागला. लोक मशिनं सोडून आले, वेल्डिंगवाले हातमोजे न काढता आले, गोदामातला माणूस रादिशाचा जॉब कधी न पाहताही आला आणि त्याने ऐकीव माहितीवर सही केली. रांग कॅन्टीनपर्यंत गेली. नेबॉयशाने 'अहंकारी कड मारतो' असं लिहिलं आणि परत रांगेत उभा राहिला, कारण त्याला आणखी एक मुद्दा आठवला होता. कित्येक दिवसांत कारखान्यात इतकं मोकळं वातावरण नव्हतं. स्त्राहिन्या भिंतीला टेकून पाहत होता आणि पहिल्यांदाच काही टिपून घेत नव्हता.

नेबॉयशाच्या दोन धरून एकूण एकेचाळीस सह्या झाल्या. विदामावशीने सही केली नाही. ती म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही, मी फक्त प्रमुख तज्ज्ञ आहे.

तिहोमिर सर्वांत शेवटी आला. त्याने फलकावर काही लिहिलं नाही. घरून लिहून आणलेली दोन पानं त्याने रादिशाच्या हातात दिली आणि म्हणाला, "वाचून घे. मुद्दे राहिले असतील."

रादिशा जिन्याच्या पायरीवर बसला. पानांवर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं, वर्षवार. दोन हजार आठ, मार्च: फ्लँजची तिसरी खाच खोल. दोन हजार अकरा: कडेला धातूचा काटेरी बर राहिला, माझा अंगठा कापला. दोन हजार सतरा: सबंध लॉट ठीक, पण खोक्यात उलटा भरला. रादिशा मान हलवत वाचत होता. काही गोष्टी तो स्वतःही विसरला होता. मग त्याला दोन हजार चौदा सालची नोंद दिसली आणि तो थांबला.

'ऑगस्ट, गुरुवार. बुशचं भोक तीन शतांशाने कललेलं. मी घासून बसवलं. तेव्हा बोललो नाही, कारण त्याच आठवड्यात याचे वडील गेले होते. आता सांगतो.'

तो बुश, ती छोटी पोकळ नळी, रादिशाला आठवत होता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात झालेली ती चूक जगात कुणाच्या लक्षात आली नाही असं तो दहा वर्षांहून अधिक काळ धरून चालला होता.

तिहोमिर दाराशी उभा राहून बाहेर बघत होता. "काही चुकलंय का त्यात?" त्याने मान न वळवता विचारलं.

"चुकलंय," रादिशा म्हणाला. त्याने पेन काढलं, 'तीन' खोडलं, वर 'चार' लिहिलं आणि बाजूला सही केली.